शाहू महाराजांच्या घरातली चार लग्नं आणि कोल्हापूरचा १९१९ चा विवाह कायदा

कोल्हापूरहून गारगोटी रस्त्याला लागलं की कळंबा येतं. वर्षानुवर्षं कोल्हापूर शहराला पाणी देणारा कळंबा तलाव इथलाच. आज संध्याकाळी तलावाच्या बांधावर फिरायला येणाऱ्यांत कॉलेजची पोरं-पोरी असतात. कुणी ग्रुपने येतं, कुणी जोडीने. त्यांच्या गप्पांत क्रश असतो, रिलेशनशिप असते, आणि कधीतरी हळूच एक प्रश्नही येतो. आपली जात वेगळी आहे, मग घरचे लग्नाला हो म्हणतील का?

या प्रश्नाला कोल्हापुरात शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. कळंबा हे करवीर भागातलं एक छोटं खेडं होतं, तेव्हाच कोल्हापूर संस्थानाने आंतरजातीय लग्नाला कायद्याची मान्यता दिली होती. ते साल होतं १९१९. हा कायदा करणारा राजा म्हणजे राजर्षी शाहू महाराज.

आरक्षण, वसतिगृहं, कुस्ती आणि राधानगरी धरण यांसाठी शाहू महाराज सगळ्यांना माहीत आहेत. लग्न या विषयावर त्यांनी केलेलं काम मात्र फारसं सांगितलं जात नाही. ते समजून घ्यायचं तर आधी त्यांच्या घरातली लग्नं बघावी लागतात.

पहिलं लग्न: वराचं वय १६, वधूचं ११ च्या आसपास

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. मूळ नाव यशवंतराव, वडील कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता, म्हणून १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि त्यांचं नाव शाहू ठेवलं. तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला त्यांचं शिक्षण झालं. धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर हे त्यांचे शिक्षक होते.

शिक्षण चालू असतानाच त्यांचं लग्न ठरलं. वधू होती बडोद्याच्या खानविलकर घराण्यातली लक्ष्मीबाई. १ एप्रिल १८९१ रोजी हे लग्न झालं. वराला सोळा वर्षं पूर्ण होऊन सतरावं चालू होतं, वधू अकराच्या आसपास होती. लग्न लागल्यावर शाहू पुन्हा धारवाडला शिकायला लागले.

आज दहावी-अकरावीत असलेल्या मुलाचं सहावीतल्या मुलीशी लग्न लावलं तर पोलीस येतील. तेव्हा मात्र यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. लग्न दोन माणसांचं नसायचं, दोन घराण्यांचं असायचं. वधू-वरांनी एकमेकांना ओळखावं, बोलावं, पसंत करावं, हा विषयच नव्हता. कुळ, मान आणि संबंध पाहिले जायचे, आणि मुलांनी ते निभवायचं.

हा संसार टिकला. २ एप्रिल १८९४ रोजी शाहूंनी राज्यकारभार हाती घेतला, त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांना पहिली मुलगी झाली होती. तिचं नाव राधाबाई, राजवाड्यात सगळे तिला आक्कासाहेब म्हणायचे. तिच्या जन्माच्या वेळी लक्ष्मीबाई जेमतेम चौदा वर्षांच्या असतील.

दुसरं लग्न: जिच्या नावाने गाव वसलं, तिचा संसार मोडला

आक्कासाहेब चौदा वर्षांच्या झाल्या तेव्हा, म्हणजे १९०८ साली, त्यांचं लग्न देवास (थोरली पाती) संस्थानचे राजे तुकोजीराव पवार यांच्याशी झालं. तुकोजीराव वीस वर्षांचे होते. दोन्ही घराणी मोठी, मान तोलामोलाचा. बाहेरून बघणाऱ्याला यापेक्षा चांगलं स्थळ सापडलं नसतं.

भोगावती नदीवर शाहू महाराज धरण बांधायला घेत होते तो हाच काळ. धरणापाशी वसवलेल्या गावाला त्यांनी लेकीचं नाव दिलं, तेच राधानगरी. जलाशयाला राणीचं नाव मिळालं, लक्ष्मी तलाव. आज कोल्हापुरात राधानगरी हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडतो. पावसाळ्यात तर धरणाचे दरवाजे उघडले की अख्खा जिल्हा ते नाव घेतो. ते नाव ज्या मुलीचं, तिच्या संसाराचं पुढे काय झालं हे कमी जणांना माहीत असतं.

१९१० मध्ये आक्कासाहेबांना मुलगा झाला, विक्रमसिंहराव. पण नवरा-बायकोचं जमलं नाही. काही वर्षांतच हे नातं तुटलं आणि आक्कासाहेब माहेरी कोल्हापूरला परतल्या. ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक देवासच्या दरबारात राहिले होते. त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात देवास आणि कोल्हापूर या दोन घराण्यांत पडलेल्या फुटीची हकिकत येते. आक्कासाहेबांचा मुलगा विक्रमसिंहराव पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि छत्रपती शहाजी महाराज झाला.

राजाची मुलगी, तोलामोलाचं घर, पैशाची कमी नाही, जातीचाही प्रश्न नाही. तरीही लग्न टिकलं नाही. स्थळ चांगलं असणं आणि दोन माणसांचं एकमेकांशी जमणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राजवाड्याने घरातच अनुभवलं.

तिसरं लग्न: अकराव्या वर्षी विधवा

शाहू महाराजांना राजाराम आणि शिवाजी असे दोन मुलगे होते. धाकट्या प्रिन्स शिवाजींचं लग्न जून १९१७ मध्ये सासवडच्या जगताप घराण्यातल्या इंदुमतींशी झालं. इंदुमतींचा जन्म डिसेंबर १९०६ चा, म्हणजे लग्नात त्या साडेदहा वर्षांच्या होत्या. शिवाजी अठरा वर्षांचे.

लग्नाला वर्ष झालं आणि १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून शिवाजींचा मृत्यू झाला. राजवाड्यात एकोणीस वर्षांच्या मुलाचं प्रेत आलं आणि साडेअकरा वर्षांची मुलगी विधवा झाली.

त्या काळात अशा मुलीचं काय व्हायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक कोपरा, एक वेळचं जेवण, सणावाराला दूर राहणं, आणि असं सगळं आयुष्य. शाहू महाराजांनी सुनेला त्या कोपऱ्यात बसू दिलं नाही. मुलाच्या दुःखातून सावरत असतानाच त्यांनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. शहराबाहेर सोनतळी इथे तिच्या अभ्यासाची सोय झाली, सोबतीला वेगवेगळ्या समाजातल्या मुली ठेवल्या. विधवा सुनेने शिकावं हे जुन्या वळणाच्या मंडळींच्या पचनी पडणारं नव्हतं, पण महाराज बधले नाहीत.

इंदुमती शिकल्या, मॅट्रिक झाल्या. पुढे कोल्हापुरात इंदुमती राणीसाहेब म्हणून त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी काम केलं. १९७१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

इथे एक गोष्ट टोचते. विधवांच्या पुनर्विवाहाची नोंद करून त्याला अधिकृत दर्जा देणारा कायदा शाहू महाराजांनी १९१७ मध्येच केला होता. म्हणजे साडेदहा वर्षांच्या सुनेचं लग्न आणि विधवांना नवं आयुष्य देणारा कायदा, दोन्ही एकाच वर्षातलं. समाजाच्या पुढे धावणारा माणूसही घरातल्या रीतीपुढे कधीकधी मागे राहतो. शाहू महाराजांना देवघरात न बसवता माणूस म्हणून पाहायचं तर हेही सांगायला हवं.

मग कायदे का करावे लागले?

आता त्या वेळची कायद्याची स्थिती बघू.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ चा विशेष विवाह कायदा होता. त्यात वेगळ्या जातीच्या किंवा धर्माच्या दोघांना नोंदणी पद्धतीने लग्न करता यायचं, पण अट विचित्र होती. आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू, शीख, बौद्ध किंवा जैन धर्म मानत नाही, असं दोघांना जाहीर करावं लागायचं. म्हणजे एखाद्या मराठा मुलाला आणि ब्राह्मण मुलीला लग्न करायचं असेल तर आधी दोघांनी आपण हिंदू नाही असं लिहून द्यायचं. आई-वडील, नातेवाईक, देव, सण, सगळ्यांवर पाणी सोडून मग लग्न. इतकं करून लग्न करणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतकेच असणार.

१९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात एक विधेयक मांडलं. हिंदूंमधली आंतरजातीय लग्नं कायदेशीर मानावीत एवढीच त्याची मागणी होती. देशभर गदारोळ झाला, धर्म बुडाला म्हणून सभा झाल्या. शाहू महाराजांनी विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला. ते विधेयक काही मंजूर झालं नाही.

पण कोल्हापूर हे संस्थान होतं, तिथे कायदा करण्याचा अधिकार महाराजांकडे होता. देशात जे अडलं ते त्यांनी आपल्या राज्यात केलं. १२ जुलै १९१९ रोजी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. हिंदू आणि जैन यांच्यातल्या लग्नांनाही त्यात जागा होती. कोल्हापूर भागात जैन समाज मोठा आहे, त्यामुळे ही तरतूद कागदापुरती नव्हती.

ब्रिटिश हिंदुस्थानात धर्म न सोडता असं लग्न करण्याची सोय १९२३ च्या दुरुस्तीने आली. कोल्हापूर त्याच्या चार वर्षं पुढे होतं.

जात आणि लग्न यांचा इतका जवळचा संबंध का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनामुळे, हा त्याचा गाभा होता. शाहू महाराजांनी कायद्याचा हात घातला तो नेमका याच गाठीला. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत हे दोघे एका व्यासपीठावर होते.

लग्न करता येणं पुरेसं नाही

१९१९ हे वर्ष आणखी एका कायद्यासाठी लक्षात ठेवायला हवं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध संस्थानात कायदा झाला. घरातल्या बाईला मारणं, छळणं हा तोवर घरगुती मामला समजला जायचा. शेजारीपाजारी ऐकायचे आणि दार लावून घ्यायचे. या कायद्याने तो छळ गुन्हा ठरवला आणि त्यासाठी कैद आणि दंड अशी शिक्षा ठेवली. त्याच सुमाराला काडीमोड, म्हणजे घटस्फोट, यालाही कायद्याची चौकट मिळाली. १९२० मध्ये देवाला मुली सोडण्याच्या, म्हणजे जोगतिणी आणि देवदासींच्या प्रथेविरुद्धही कायदा झाला.

या तारखा एका ओळीत ठेवून बघा. १९१७ ला पुनर्विवाह. १९१९ ला आवडीच्या माणसाशी जातीबाहेर लग्न, छळापासून संरक्षण, न जमल्यास बाहेर पडण्याची वाट. १९१७ लाच सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण. म्हणजे लग्नाआधी शाळा, लग्न ठरवताना मोकळीक, लग्नानंतर सुरक्षितता, आणि लग्न मोडलं किंवा जोडीदार गेला तरी पुढे आयुष्य. मुलीच्या आयुष्यातल्या या चारही टप्प्यांचा विचार एका राजाने दोन-तीन वर्षांत केला होता.

चौथं लग्न: मराठा आणि धनगर

कायदा कागदावर राहू नये म्हणून सुरुवात घरापासून करायची, असं महाराजांनी ठरवलं. कागलच्या घाटगे घराण्यातल्या, त्यांच्या जवळच्या नात्यातल्या चंद्रप्रभाबाईंचा विवाह इंदूरच्या होळकर घराण्यातले युवराज यशवंतराव यांच्याशी ठरवण्यात आला. होळकर धनगर, घाटगे मराठा. राजघराण्यांनीच जातीची भिंत ओलांडली तर रयतेला धीर येईल, असा त्यामागचा हिशोब. कोल्हापूर आणि इंदूर भागात अशी आणखी मराठा-धनगर लग्नं घडवून आणायची योजना होती.

हे लग्न महाराजांना बघायला मिळालं नाही. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये त्यांचं निधन झालं. वय फक्त ४७. ठरलेलं लग्न १९२४ मध्ये पार पडलं आणि चंद्रप्रभाबाई इंदूरच्या संयोगिताराजे झाल्या.

जातीच्या दृष्टीने हे मोठं पाऊल होतं. पण वधू तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती आणि वर सोळाच्या आतला. जात ओलांडली गेली, तरी निर्णय मोठ्यांचाच होता. मुलांना कुणी विचारलं नव्हतं.

तरीही या जोडप्याचं जमलं. दोघं मोठे झाले, युरोपात एकत्र राहिले, हिंडले. मॅन रे या नामवंत फोटोग्राफरने काढलेले त्यांचे फोटो आजही इंटरनेटवर सापडतात. राजा-राणी ताठ बसून काढलेले नेहमीचे दरबारी फोटो नाहीत ते. त्यात एकमेकांना बिलगलेले, हसणारे दोन तरुण दिसतात. आज ज्याला डेटिंग म्हणतात, ते त्यांच्या वाट्याला लग्नानंतर आलं. १९३७ मध्ये संयोगिताराजेंचं स्वित्झर्लंडमध्ये निधन झालं, तेव्हा त्या पंचविशीच्याही नव्हत्या.

एक घराणं आणि चार लग्नं. सगळी मोठ्यांनी ठरवलेली, सगळ्या वधू चौदा किंवा त्याहून कमी वयाच्या. एक संसार टिकला, एक मोडला, एक वर्षात संपला, एक फुलला. कुणाच्या वाट्याला काय येणार हे नशिबावर सोडलेलं होतं, कारण वय, ओळख आणि होकार या तीन गोष्टी कुणी मोजतच नव्हतं.

आज तुमच्या हातात काय आहे?

शाहू महाराज गेल्यानंतर सात वर्षांनी, १९२९ मध्ये शारदा कायदा आला आणि लग्नाचं किमान वय मुलीसाठी १४, मुलासाठी १८ ठरलं. १९७८ मध्ये ते १८ आणि २१ झालं. आजही तेच आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जातीची अट पूर्ण संपवली. या कायद्यात जैन, बौद्ध आणि शीखही येतात, त्यामुळे कोल्हापूरने १९१९ मध्ये ज्याला वाट करून दिली ते हिंदू-जैन लग्न आज नेहमीच्या कायद्यानेच होतं. वेगळ्या धर्माच्या दोघांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचं. धर्म सोडायची गरज नाही.

वय भरण्याआधी कुणी लग्न लावून दिलंच, तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने ते रद्द करून घेता येतं. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत तशी मुदत असते. असं लग्न ठरत असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर कळवता येतं, ते लग्न तुमचं असो की वर्गातल्या मैत्रिणीचं.

आणखी एक गोष्ट मुलामुलींनी स्पष्ट समजून घ्यायला हवी. १८ वर्षांखालच्या व्यक्तीशी शरीरसंबंध हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, समोरची व्यक्ती हो म्हणाली असली तरी. आवडणं गुन्हा नाही, बोलणं गुन्हा नाही, सोबत फिरणं गुन्हा नाही. घाई मात्र दोघांनाही महागात पडू शकते.

कायदा इतकंच करतो, तो दार उघडं ठेवतो. आत कुणासोबत जायचं ते ओळखण्याची तयारी ज्याची त्याला करावी लागते. त्यासाठी एकमेकांना ओळखायला वेळ हवा. रागावल्यावर समोरचा कसा वागतो, नाही म्हटलेलं त्याला पचतं का, मोबाइलचा पासवर्ड किंवा फोटो मागून दबाव आणतो का, तुमचं शिक्षण आणि नोकरी त्याला आपली वाटते की अडचण, पैशाबद्दल दोघं मोकळं बोलता का, हे बघायला हवं. तोलामोलाच्या घरातलं आक्कासाहेबांचं लग्न याच ठिकाणी अडखळलं होतं. दोन माणसांचं जमतं का, हे आधी कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि स्वतःच्या पायावर उभं राहणं. नवरा गेल्यावर इंदुमतींना राजवाड्याने सांभाळलं असतंच. पण कोल्हापूर आज त्यांना ओळखतं ते त्यांच्या शिक्षणामुळे आणि कामामुळे. सासऱ्याने साडेअकरा वर्षांच्या सुनेच्या हातात पुस्तक दिलं, ते घरातल्या रीतीच्या विरोधात जाऊन. आज ते पुस्तक तुमच्या हातात आधीपासून आहे. लग्नाची पहिली तयारी तीच, आणि तिला मुहूर्त लागत नाही.